४३ घरं आणि एक टेबल

«मावशी, आम्ही अकरा वर्षं मिनिआपोलिसजवळ राहतोय. शेजारच्या आजी ८६ वर्षांच्या आहेत. यंदा घर विकून त्या असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे वृद्धांची देखभाल होते अशा ठिकाणी, गेल्या. जाण्याआधी त्यांनी नातवाकरवी आमच्या गॅरेजमध्ये ४३ खोकी आणून ठेवली. प्रत्येक खोक्यात चिनीमातीचं एक छोटंसं घर, आत दिवा लागणारं. दर नाताळात त्या जेवणघरभर हे गाव मांडायच्या आणि आम्ही बघायला जायचो. “तुझ्या मुलीला आवडतं ना,” एवढंच म्हणाल्या. नवऱ्याने ऑनलाइन बघितलं तर एकेक घर ४००-४०० डॉलरला दिसलं. तो म्हणतो, विकून टाकू, नाहीतर बेसमेंट भरून जाईल. सासूबाई फोनवर म्हणाल्या, चर्चबिर्च आपण कशाला मांडायचं? मुलगी नऊ वर्षांची आहे, ती रोज विचारते कधी मांडायचं म्हणून, शिवाय तिला दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे त्यात उभे करायचेत. मला मनापासून मांडायचंय, पण ४३ घरं ठेवू कुठे? आणि त्या वायरींचं जंजाळ बघून तर धडकीच भरते. — खोक्यांमध्ये अडकलेली»

बाई गं, पत्र वाचून आधी हसले आणि मग कपाटावरची माझी स्वतःची खोकी मोजली. नऊ आहेत. एके काळी एकतीस होती. तेव्हा हा सल्ला बाहेरून बघणाऱ्या माणसाचा नाही, हे लक्षात घे.

नवऱ्याच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तो एकदा मिटला की बाकीचं सोपं आहे. ४०० डॉलर कुणीतरी मागतंय. कुणी देतंय असं नाही. लिलावाच्या साइटवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवायची सोय असते, ती लावून त्याला पुन्हा बघायला सांग. तीच घरं मूळ किमतीच्याही खाली गेलेली दिसतील, आणि चिनीमातीचं जड खोकं टपालाने पाठवायचा खर्च निराळाच.

असं का झालं, ते ऐकण्यासारखं आहे, आणि ते तुझ्याच गावात घडलंय. मिनिआपोलिसमध्ये बाकमन्स नावाची फुलांची मोठी जुनी पेढी आहे. त्यांच्याकडे प्रत्येक विभागाला नंबर असायचा. बाहेरून भेटवस्तू मागवून घाऊक विकणाऱ्या विभागाचा नंबर होता ५६. त्यातून कंपनी निघाली तिचं नाव डिपार्टमेंट ५६, आणि तिची मुख्य कचेरी बरीच वर्षं तुमच्याच उपनगरांपैकी ईडन प्रेअरीत होती. १९७६ साली त्यांनी दिवा लागणारी सहा घरं बाजारात आणली: एक डोंगरातलं लॉज, एक तिकोनी छपराचं घर, एक खानावळीसारखी सराई, एक लाकडी शॅले आणि दोन चर्चं. त्या मालिकेचं नाव ओरिजिनल स्नो व्हिलेज. १९८४ मध्ये डिकन्स व्हिलेज आलं, जुन्या इंग्लंडच्या धर्तीचं. मग न्यू इंग्लंड, आल्प्सचं गाव, मोठ्या शहराचं ख्रिसमस इन द सिटी, उत्तर ध्रुव अशी रांगच लागली.

कंपनी दर वर्षी काही घरं बंद करायची. बंद झालं की मिळणार नाही, म्हणून लोक तुटून पडायचे. नव्वदच्या दशकात तर किमतींची पुस्तकं निघाली, आणि माणसं सोन्याचं वळं घ्यावं तशी घरं घेऊन, खोकं न उघडता, माळ्यावर ठेवू लागली. इथेच सगळं फसलं. दुर्मिळ होण्यासाठी बाकीच्यांची फुटायला, हरवायला, कुणाच्या पोराने चेंडू मारून उडवायला हवीत ना! सगळ्यांनीच जपली. पुढे इंटरनेट आलं आणि कुठल्या गावात काय पडून आहे ते सगळ्यांना दिसायला लागलं. आता ती पिढी मोठी घरं सोडून लहान घरांत जातेय, तुझ्या आजींसारखी, आणि सगळ्यांची खोकी एकदमच बाजारात उतरलीत. घेणारे मोजकेच.

तरी विकायचं असो वा नसो, प्रत्येक घर उलटं करून बघ. बुडाशी नाव, मालिका आणि साल असतं. थोडी घरं खरोखरच मोजून काढलेली होती. १९८५ ची डिकन्स व्हिलेजची पिठाची गिरणी २,५०० नगांची, पुढच्या वर्षीचं नॉर्मन चर्च ३,५०० चं. ख्रिसमस इन द सिटीमधलं सेंट मार्कचं कॅथीड्रल १७,५०० करायचं ठरलं होतं, पण भट्टीत ते नीट उतरेना, शेवटी ३,०२४ वर थांबवलं. अशांपैकी एखादं, किंवा पहिल्या सहांतलं एखादं निघालं तर ते बाजूला ठेव, आणि आजींना आणि त्यांच्या नातवाला आधी सांग. त्यांनी न विचारता दिलं म्हणून आपण न सांगता विकायचं, हे मला पटणार नाही. तुलाही पटणार नाही, नाहीतर तू पत्रच लिहिलं नसतंस. बाकीच्या चाळीसांचा हिशेब मात्र डॉलरमध्ये करू नकोस. हाती फारसं लागणार नाही आणि शेजारधर्म जाईल.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मी धुडकावणार नाही. हजारो मैलांवर बसून नातवंडाच्या घरात काय चाललंय त्याची काळजी वाटणं स्वाभाविक आहे. पण त्यांना एक शब्द सांगून बघ: आरास.

पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम नावाचं गाव आहे. मोरेव्हियन पंथाच्या जर्मनभाषक लोकांनी ते वसवलं आणि १७४१ च्या नाताळच्या आदल्या रात्री त्याला हे नाव दिलं. १९३७ पासून ते स्वतःला नाताळचं शहर म्हणवतं. मी न्यू जर्सीत बावीस वर्षं काढली, तिथून हे गाव गाडीने दीड-दोन तासांवर. तिथल्या सेंट्रल मोरेव्हियन चर्चमध्ये दर डिसेंबरला एक मांडणी असते, तिला म्हणतात पुट्स. अंधाऱ्या खोलीत सगळे बसतात, कुणीतरी गोष्ट सांगत जातं, आणि जसजशी गोष्ट पुढे सरकते तसतसा मांडणीच्या एकेका कोपऱ्यात उजेड पडतो. खरं शेवाळ, बुंधे, दगड, लाकडी मेंढ्या, आणि मध्ये गोठा. पुट्स हा शब्द ज्या जर्मन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ सजवणं. मी तिथे बसले होते तेव्हा मला आजोळची चैत्रगौर आठवली. पायऱ्या, त्यावर आरसे, खेळणी, कलिंगडाची फुलं, डाळ-पन्ह्याचे वाडगे. तेच ते, फक्त थंडीतलं. माझं माहेर वसईच्या बाजूचं, तेव्हा मला गोठाही परका नव्हता. वर्गातल्या मैत्रिणीकडे नाताळात भाताचा पेंढा पसरून गोठा मांडायचे आणि त्याच्या भोवती विहीर, झोपड्या, बैल असं आमच्याच गावासारखं गाव असायचं. त्या मैत्रिणीच्या आईने एकदा मला विहिरीवरचा रहाट बसवायला दिला होता, ते मी अजून विसरलेले नाही.

पुढे अमेरिकेत त्या मांडणीतून गोठा मागे पडत गेला आणि भोवतालचं गावच मोठं झालं. १९२०-३० च्या दशकांत जपानहून पुठ्ठ्याची घरं यायची, झाडाखाली मांडायला. छपरावर चकाकणारी भुकटी, खिडक्यांना रंगीत कागद, मागे दिव्यापुरतं भोक. पाच-दहा सेंटांत मिळायची. युद्धात ती बंद झाली, मग काही वर्षं “ऑक्युपाइड जपान” असा शिक्का घेऊन परत आली. एखाद्या गॅरेज सेलमध्ये असं कळकट पुठ्ठ्याचं घर दिसलं तर उलटं करून बघच, मला त्यांचा फार लोभ आहे. त्यानंतर आगगाडीवाल्यांसाठी प्लास्टिकची घरं आली, आणि मग तुझी ही चिनीमातीची. आजींच्या ४३ घरांमध्ये चर्चं किती आणि बेकऱ्या, दवाखाने, रेल्वे स्टेशनं, दारूचे गुत्ते किती, ते मोजून सासूबाईंना सांग. बहुतेक त्या गुत्त्यांबद्दल जास्त बोलतील!

आणि फ्रान्सच्या दक्षिणेला मार्से शहरात १८०३ पासून मातीच्या चिमुकल्या माणसांची जत्रा भरते. त्यांना सांतों म्हणतात, म्हणजे छोटे संत. नावाला संत, पण असतात कोण? पाववाला, कोळीण, चाकूला धार लावणारा, गावचा मेयर. तुझ्या लेकीला मावळे उभे करायचेत, त्यात नवल ते काय?

मावळ्यांचं सांगते. आपल्या किल्ल्यावर कधी प्रमाण असतं का? गुहेतला वाघ मावळ्याच्या दुप्पट, तळ्यात प्लास्टिकचं बदक बुरुजाएवढं, पायथ्याशी कुणाच्यातरी चॉकलेटसोबत आलेली जीप. कुणी काही म्हणत नाही. या नाताळच्या गावांतही तसंच असतं. माणसं दारात उभी केली की दारं त्यांच्या खांद्याला लागतात. घरं साधारण एकास पन्नासच्या आसपास म्हणावीत तर माणसं त्याहून मोठी. म्हणून युक्ती एकच: माणसं दारापासून लांब, रस्त्यावर, पुढच्या बाजूला ठेवायची, आणि लहान चणीची घरं मागे, उंचावर. डोळा आपोआप फसतो. मावळे दोन-चार येऊ देत. कुंभारवाड्यातली मातीची चित्रं असतील तर ओल्या हातांनी धरू नका, रंग कापसाला लागतो आणि मग निघत नाही. महाराजांना मात्र गुत्त्यासमोर बसवू नका. त्यांचं सिंहासन किल्ल्यावर, दिवाळीतच.

आता खरा प्रश्न. ४३ घरं कुठे?

४३ मांडायचीच नाहीत. इथे बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं होतं. पहिल्या वर्षी आपल्याकडे आहे ते सगळं टेबलावर आणायचा मोह होतो, आणि गाव न होता भंगार बाजार होतो. घराला घर खेटून, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, दिवे लागले की नुसता लखलखाट. गाव दिसतं ते मोकळ्या जागेमुळे. दोन घरांमधला रस्ता, चर्चपुढचा चौक, एक गोठलेलं तळं, गावाबाहेरचं एकटं घर. मी एका घराला साधारण सव्वा चौरस फूट धरते, रस्ता-झाडांसकट. तुझ्याकडे सहा फूट लांब, अडीच फूट रुंद टेबल असेल तर बारा घरं बसतील. तेरावं बसवशील तर चौक जाईल. भिंतीला लावून मांडणार असशील तर अडीच फुटांहून खोल करूच नकोस. मागच्या घराचा दिवा हमखास बंद पडतो, आणि मग हात पुरेना म्हणून अख्खं गाव उठवावं लागतं. मी एकदा तसा हात घातला, तर स्वेटरच्या बाहीत अडकून सात झाडं आणि एक बग्गी खाली आली. आमचं मांजर त्या बग्गीचा घोडा घेऊन गेलं ते गेलंच.

टेबलाला हात लावायच्या आधी जमिनीवर कर. टेबलाएवढा चौकोन गालिच्यावर रंगाऱ्याच्या चिकटपट्टीने आख, त्यात लेकीला बसव आणि खोकी न उघडता नुसती खोकीच मांडा. खोक्यावर घराचं चित्र असतंच. दोन-तीन संध्याकाळी हाच खेळ करा. मग कुठली बारा ते ठरेल. एका गटातली घ्या. चकचकीत झिलईची असतील तर ती स्नो व्हिलेजची, मंद, बिनझिलईची पोर्सेलीनची असतील तर डिकन्सची किंवा त्यानंतरची. दोन्ही एकत्र मांडली तर चालत नाही असं नाही, पण शेजारी शेजारी ठेवली की एक तेलकट आणि एक कोरडं दिसतं. पुढच्या वर्षी दुसरी बारा. अशी साडेतीन वर्षं नवीन गाव, काही विकत न घेता. आणि यंदा खरोखरच काही विकत घेऊ नकोस. दुकानात लेमॅक्स या दुसऱ्या कंपनीची घरं दिसतील, स्वस्त असतात, हलणारी चित्रंही असतात, कारंजी, फिरणारे पाळणे. लेकीला मोह होईल. एखादं आणलंसच तर एवढं बघ, की त्यांची हलणारी चित्रं साडेचार व्होल्टच्या वेगळ्या अडॅप्टरवर चालतात, ती सरळ भिंतीत लावायची नसतात.

टेबलाखालचं सांगते. इमारत बांधणीच्या दुकानात घरं उबदार ठेवायला लावतात तो गुलाबी किंवा निळा घट्ट फोम मिळतो, दोन इंच जाडीचा, मोठ्या पत्र्यांमध्ये. एक पत्रा पुरे. तो टेबलाच्या मापाचा काप, आणि मागच्या बाजूला त्याचेच तुकडे एकावर एक ठेवून उतरंड कर. धारदार सुरी चालते, भुगा फार होतो एवढंच. कडा सरळ ठेवू नकोस, हाताने तोडल्यासारख्या असू देत. त्यावर स्प्रेचा डबा मात्र मारू नकोस. त्यातल्या द्रावणाने फोम विरघळतो, डोळ्यांदेखत खड्डे पडतात. पाण्यात कालवायचा अॅक्रिलिक रंग घे. प्रत्येक घरामागे बोटाएवढं भोक पाडून वायर खाली सोड, फोमच्या खालच्या बाजूला सुरीने चर पाडून ती त्यात बसव. मग वरून गोधडीत घालतात तो पांढरा पॉलिएस्टरचा थर. प्लास्टिकचा भुरभुरा बर्फ दिसतो छान, पण मार्चमध्ये तो भाजीत सापडेल. चिमूटभरच, झाडांवर. रस्त्याला बारीक काळा सँडपेपर, तळ्याला जुना आरसा. बाटली धुवायच्या ब्रशसारखी ती झाडं तीन वेगवेगळ्या उंचीची आण, एकाच उंचीची आणलीस तर नर्सरी दिसेल. आणि हो, हा फोम टाकू नकोस. पुढच्या दिवाळीत त्यावर तपकिरी गोणपाट टाकलंस की किल्ल्याला आयता डोंगर. अळीव वेगळ्या थाळीत पेर, फोमवर पाणी टाकत बसू नकोस.

वायरींना घाबरू नकोस, पण आदर ठेव. जुन्या घरांमध्ये मागच्या भोकातून चिमट्याने बसणारा छोटा मेणबत्तीच्या आकाराचा दिवा असतो, रात्रीच्या दिव्याला असतो तसा. सी-सात म्हणून मागितला की मिळतो. जुना तापणारा दिवा सात वॅटचा धरला तर बारा घरांचे ८४ वॅट. तुमच्या १२० व्होल्ट, १५ अँपिअरच्या सर्किटवर १,८०० वॅट बसतात, तेव्हा भार काहीच नाही. भीती भाराची नाही, वायरीच्या वयाची आहे. आजींच्या काही वायरी चाळीसेक वर्षांच्या असू शकतात. प्रत्येक वायर हातात घेऊन वाकवून बघ. कडक झालेली, चिरलेली, प्लगपाशी काळवंडलेली दिसली तर सरळ कचऱ्यात टाक. तशीच नवी मिळते. दिवे सगळे एलईडीचे कर, पण पिवळसर उबदार उजेडाचे, २७०० केल्व्हिन असं लिहिलेले. पांढरे घेतलेस तर तुझं गाव दवाखान्यासारखं दिसेल. एलईडी तापत नाहीत, त्यामुळे कापसाची काळजी मिटते. स्विचवाली एकच चांगली पट्टी घे, पट्टीला पट्टी जोडू नकोस. प्रत्येक प्लगवर चिकटपट्टीचा तुकडा लावून घराचं नाव लिही. हे काम लेकीचं.

भारतात सुट्टीला येताना एखादं घर आणावंसं वाटेल म्हणून सांगते. मी परत आले त्या पहिल्या डिसेंबरात, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये, पाहुण्यांसमोर, मोठ्या हौसेने टपालकचेरीचं बटण दाबलं. प्लगला अडॅप्टर लावला होता, दिवा मात्र १२० व्होल्टचाच. आपल्याकडे २३०. क्षणभर त्या टपालकचेरीत सूर्य उगवला, मग फट्. आता मी आत बॅटरीवरचे छोटे एलईडी ठेवते. काम झाल्यावर बॅटऱ्या काढून ठेवायच्या, नाहीतर वर्षभरात त्या गळून आतला पत्रा खातात.

साफसफाईला पाणी नको. जुना मेकअपचा मऊ ब्रश घे आणि वरून खाली झटक. धुराडी सर्वांत आधी तुटतात. तुटलेला तुकडा खोक्यातच कुठेतरी असेल, थर्मोकोलच्या खाचेत बघ. दोन भाग मिसळायच्या इपॉक्सीने चिकटव. उरलेली एकतीस खोकी बेसमेंटमध्ये ठेवायला हरकत नाही, पण जमिनीवर नको, फळीवर. तुमच्याकडे बर्फ वितळला की बेसमेंटांत पाणी येतं, हे तुला मी काय सांगू. माझी एकतीसची नऊ झाली ती अशीच. पाण्याने चिनीमातीला काही झालं नाही, पण खोकी कुजली, त्यांना बुरशी आली, आणि आतली राळेची माणसं रंग सोडून बसली. बरीचशी मी देऊन टाकली. दिवे काढून वेगळे बांध. वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस, शाई बिनझिलईच्या पोर्सेलीनला लागते. साधा पांढरा पातळ कागद घे.

एवढ्या सगळ्यात तू आजींना काही विचारल्याचं पत्रात कुठेच नाही. त्यांना जाऊन किती दिवस झाले? भेटायला जा, लेकीला घेऊन. ४३ खोक्यांचे फोटो फोनमध्ये घेऊन जा आणि एकेक दाखव. हे कधी घेतलं, कुणी दिलं, टेबलाच्या कुठल्या टोकाला असायचं. एखादं नवऱ्याने आणलेलं असेल, एखादं पहिल्या नातवाच्या वर्षीचं. त्या सांगतील ते लेकीला एका चिठ्ठीवर लिहू दे आणि ती चिठ्ठी त्या त्या खोक्यात घाल. चिठ्ठ्या मराठीत लिहिल्या तरी चालतील. त्यांना हेही सरळ विचार, की आमच्या टेबलावर बारा बसतात, बाकीची पाळीपाळीने मांडू, पण यातली काही तुमच्या घरातल्या कुणाला हवी आहेत का? आधी देताना त्या घाईत होत्या, त्यांना घर रिकामं करायचं होतं. आता विचारलंस तर एखादं नाव निघेल.

आणि त्यांच्या खोलीची खिडकी बघून ये. अशा ठिकाणी वायरी लावू देत नाहीत बहुधा, आधी तिथल्या लोकांना विचार. बॅटरीचा दिवा चालत असेल तर खिडकीच्या कठड्यावर तीन घरं मावतात. कुठली तीन, ते त्यांनाच निवडू दे. त्या तुझ्या मांडणीतलं सर्वांत सुंदर घर उचलतील, तेवढी मनाची तयारी ठेव.

नवऱ्याला फोम कापायला लाव. हातात सुरी आणि डोंगर करायचं काम मिळालं की पुरुष किमतीबद्दल बोलायचे थांबतात, हा माझा अनुभव. आमच्याकडे तर यांनी पुढे आगगाडीच काढली. ती भानगड विचारायची असेल तर वेगळं पत्र लिही. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मांडायला घेतलंस तर वेळेत होईल, आणि काढायची घाई नको. तुमच्याकडे मार्चपर्यंत बाहेर बर्फच असतो. चिकटपट्टी आहे ना घरात? आज रात्री जेवणं झाली की चौकोन आखून टाक.

— मावशी